शेगडीजवळचं टेबल

१

सोमवारी सकाळी लोरेन पेल्कीबाईंनी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि प्रेस्टन हॅस्केलचा अहवाल उघडला. अहवाल एका ओळीचा होता. ‘डेल्फिन विलेट ही उमेदवार शनिवारी मुलाखतीला आलीच नाही.’

बाईंना वाईट वाटलं. थॉर्नबी कॉलेजात शिकून गेलेली किनाऱ्यावरची मंडळी दर हिवाळ्यात नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेत, आणि त्या सगळ्यांची वाटणी बाईंकडे होती. डेल्फिनचा अर्ज त्यांनी आवडीनं वाचला होता. वडील शाळेची बस चालवणारे. बटाट्याच्या शेतांच्या मुलखातून, मेन राज्याच्या पार उत्तरेकडून, हे कुटुंब गेल्या शरदात इथं राहायला आलेलं. मुलगी हुशार. आणि अशी मुलगी मुलाखतीला न सांगता दांडी मारते?

तेवढ्यात फोन वाजला.

“मिसेस पेल्की? मी डेल्फिन विलेट. शाळेत जायच्या आधी पटकन विचारते. शनिवारी माझी मुलाखत ज्यांनी घेतली ना, त्या बाईंचं नाव विचारायचंच राहून गेलं. आभाराचं कार्ड पाठवायचंय मला. खूप छान होत्या हो त्या.”

बाईंनी कप खाली ठेवला.

“कोण बाई?”

“शेगडीजवळच्या टेबलाशी होत्या त्या. मला वाटलं, मिस्टर हॅस्केलनीच त्यांना बसवलंय.” मुलीचा आवाज बारीक झाला. “माझं काही चुकलं का?”

“शाळा सुटली की भेट मला. चर्चसमोर थांबते मी,” बाई म्हणाल्या.

फोन ठेवून त्यांनी प्रेस्टनचा अहवाल पुन्हा पुढे ओढला. अहवाल पाठवायची मुदत आज संध्याकाळी संपत होती. ‘आली नाही’ हे शब्द तसेच गेले, तर मुलीचा अर्ज तिथंच निकालात निघाल्यासारखा होता. आणि ती आली होती असं लिहायचं, तर मुलाखत घेतली कोणी? थॉर्नबीच्या नावानं मुलाखती घेणारी ही तोतयी गावात आली कुठून?

पूर्वी असले घोळ होत नसत, असं बाईंना वाटून गेलं. पूर्वी मुलाखती घरी होत. त्यांची स्वतःची अँब्रोज एल्ड्रिजसाहेबांच्या घरी झाली होती. साहेब फोनवर होते. ते कायमच फोनवर असत. तोवर त्यांच्या बायकोनं लोरेनला स्वयंपाकघरात बसवलं, काकवीची बिस्किटं दिली, गप्पा मारल्या. साहेबांपुढे जायची वेळ आली तेव्हा तिच्या एकुलत्या एक चांगल्या निळ्या स्कर्टला करड्या लोकरीचे तंतू चिकटले होते. ते झटकता झटकताच ती दिवाणखान्यात शिरली होती. आता कॉलेजचं म्हणणं, मुलाखत चारचौघांत, सार्वजनिक जागी घ्या. म्हणून प्रेस्टन रूफसच्या कॉफीच्या दुकानात बसायचा.

एकच टेबल, एकच वेळ. तो म्हणतो मुलगी आली नाही, मुलगी म्हणते मुलाखत झाली. दोघांपैकी कोणीतरी खोटं बोलत होतं.

२

प्रेस्टन हॅस्केल घरं विकण्याच्या धंद्यात होता. कधीकाळी तो बाईंच्या भूमितीच्या वर्गात होता, आणि अजूनही त्यांना बघितलं की शर्टाचं वरचं बटण लावायचा.

“बाई, मी तासभर बसलो हो तिथं! दोन डोनट खाल्ले. दुसरा तर निव्वळ वाट बघण्यापोटी.”

“तिला पत्ता काय सांगितला होतास?”

“फोनवर स्पष्ट सांगितलं. चर्चपाशी डावीकडे वळ, पहिलं दार. टकटक करत बसू नकोस, सरळ आत ये. शेगडीजवळच्या टेबलाशी भेटू. याच्यात चुकण्यासारखं काय आहे?”

बाईंनी मनातल्या मनात तो रस्ता चालून बघितला. चर्च, डावं वळण, पहिलं दार, रूफसचं दुकान. शेंबड्या पोरालाही सापडेल.

“शनिवारी मासेमारीची शर्यत होती ना तळ्यावर?” त्यांनी सहज विचारलं. “बर्फाला भोक पाडून बसणाऱ्यांत तू दरवर्षी असतोस.”

प्रेस्टन लाल झाला. “दुपारी गेलो. मुलाखतीनंतर. म्हणजे, न झालेल्या मुलाखतीनंतर.” मग जरा रागानं म्हणाला, “बाई, सरळ आहे. पोरगी घाबरली, आली नाही, आणि आता गोष्ट रचतेय. जी अशी खोटं बोलते तिची मी शिफारस करायची?”

“एवढ्यात कोणाला खोटं ठरवू नकोस. सिद्धतेशिवाय निष्कर्ष काढलास तर मी काय करायची?”

“गुण कापायच्या,” प्रेस्टन पुटपुटला.

रूफसनं दुकानात फडकं मारता मारता साक्ष दिली. “आला होता प्रेस्टन. एकटाच. दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होता, जसं काही लग्नाची मुलगी यायचीय. पोरगी कोणी आली नाही, बाई. शपथेवर सांगतो.”

“आणि कोणी बाई? शेगडीजवळ?”

“शेगडीजवळ प्रेस्टन होता. त्याच्या मांडीवर बसली असेल तर माहीत नाही.”

म्हणजे प्रेस्टन खरं बोलत होता. उरली मुलगी.

३

बाईंनी नेहमीच्या जागी गाडी लावली आणि वाट बघितली. शाळेची बस येऊन गेली. डेल्फिनचा पत्ता नाही. बाईंचं तोंड आंबट झालं. जिला आजही वेळेवर येता येत नाही, तिच्याबद्दल प्रेस्टनचं बरोबर तर नसेल?

शेवटी उतार चढून लाल टोपीतली एक मुलगी धापा टाकत पळत आली.

“सॉरी, मिसेस पेल्की! मी केव्हाची समोर उभी आहे. तुमची गाडी दिसेना. मग म्हटलं इकडे बघू.”

“बरं, बस आत. गारठलीस.” सबब बाईंना काही पटली नाही. “मला सगळं सांग. विचारीन तेवढंच सांग, नाहीतर फाटे फुटतात.” ही त्यांची वर्गातली जुनी सवय. “कशी गेलीस शनिवारी?”

“सांगितलं तशीच. चर्चपाशी डावीकडे, पहिलं दार. दार ठोठावू नकोस म्हणाले होते म्हणून सरळ आत गेले.”

“शेगडी होती?”

“हो. लाकडाची, मोठी. शेजारी टेबल. त्या बाई बसल्या होत्या. मी म्हटलं, थॉर्नबीच्या मुलाखतीला आलेय. त्या माझ्या बुटांकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, बूट काढ, मोजे शेगडीवर टाक. इथं बस, सगळे इथंच बसतात. त्या खोलीत—”

“खोली राहू दे. विचारलं काय त्यांनी?”

डेल्फिनच्या चेहऱ्यावर हसू आलं. “काहीतरीच विचारलं. असं कुठलं काम आहे जे तुला आवडत नाही पण चांगलं येतं? मी म्हटलं, बटाट्यातले दगड काढणं. आमच्याकडे बटाटे काढायच्या दिवसांत शाळा बंद असते, आम्ही सगळी यंत्राच्या फिरत्या पट्ट्यापाशी उभी राहतो. बटाटे पळत येतात आणि दगड अगदी बटाट्यासारखे दिसतात. मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून कळतं. मग म्हणाल्या, तू गेलीस तर घरी तुझ्यावाचून कोणाचं अडेल? तेव्हा मात्र मी जरा रडले.” तिनं घाईघाईनं पुढं म्हटलं, “त्याही रडल्या थोड्या. आणि लगेच तासाची घंटा झाली, इतकी मोठ्यानं की टेबलावरचे कप थरथरले. मग आम्ही दोघी हसायलाच लागलो. निघताना मी कॉफीचे पैसे काढले तर त्यांना आणखी हसू आलं.”

“लिहून घेत होत्या का?”

“छे. त्यांचे हात कुठं मोकळे होते?”

बाई पुढं विचारणार, तेवढ्यात त्यांची नजर मुलीच्या काळ्या कोटाकडे गेली. बाहीच्या कडेला थॉर्नबीच्या रंगाचे, गर्द हिरव्या लोकरीचे बारीक तंतू चिकटले होते.

असली लोकर जवळ असलेलं कोणीतरी खरंच तिच्यापाशी बसलं होतं. मुलगी खोटं बोलत नव्हती. म्हणजे आता दोघंही खरं बोलत होते. आणि हे जास्तच कठीण होतं.

“मिसेस पेल्की,” डेल्फिन हळूच म्हणाली, “ती मुलाखत धरणार नाहीत का?”

बाईंना खोटं सांगवेना. “संध्याकाळपर्यंत त्या बाई सापडायला हव्यात,” त्या म्हणाल्या.

४

थॉर्नबीचा हिरवा मफलर बारा महिने गळ्यात घालणारी गावात एकच होती. थेल्मा क्रॉकेट. मुलाखती घ्यायचं काम तिला हवं होतं. मागच्या वर्षी बाईंनी ते प्रेस्टनला दिलं, तेव्हापासून थेल्मा त्यांच्याशी फक्त हवामानावर बोलत होती. प्रेस्टनची फजिती करायला तिच्याइतकं सबळ कारण दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

ती रूफसच्या दुकानातच सापडली, माशांच्या सूपचा वाडगा पुढ्यात घेऊन.

“थंडी वाढलीय,” थेल्मा म्हणाली.

“थेल्मा, शनिवारी सकाळी तू कुठं होतीस?”

सगळं ऐकून घेतल्यावर थेल्मानं चमचा खाली ठेवला आणि इतकी खदखदून हसली की मफलर सुपात बुडाला. “अगं लोरेन! मी असं काही केलं असतं तर दुपारपर्यंत गप्प बसले असते का? तळ्यावर जाऊन भोंग्यावरून सांगितलं असतं!”

हे अगदी खरं होतं. थेल्माच्या पोटात काही राहत नसे.

“आणि लोकर? हा मफलर तर तूच विणलास ना?”

“मी? मला दोरा ओवता येत नाही सुईत. विकत घेतलाय, कॉलेजच्या दुकानातून.” थेल्मानं त्याचं टोक पिळलं. “पण तुझ्या त्या बाईचे हात गुंतलेले होते म्हणे. कशात?”

बाई थबकल्या. कशात? हेच विचारायचं त्या विसरल्या होत्या. अर्धंच राहिलेलं ते एकच उत्तर महत्त्वाचं होतं.

त्याच क्षणी तासाची घंटा झाली. दुरून, बर्फावरून विरत आलेली, जेमतेम ऐकू येईल इतकीच. बाईंनी टेबलावरच्या कपाकडे पाहिलं. कॉफीवर साधा तरंगही नव्हता.

“रूफस,” त्या सावकाश म्हणाल्या, “इथं घंटेनं कप थरथरतात का रे कधी?”

“इथं? घंटा तर तिकडे खाली आहे.”

“चर्च समोर असून?”

रूफस फडकं खांद्यावर टाकून त्यांच्याजवळ आला. “बाई, या खिडकीतून काय दिसतं, सांगा.”

“चर्च,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी खरंच बघितलं.

खिडकीबाहेर बर्फाचा एक ढीग होता, आणि गाड्या लावायची मोकळी जागा. त्यातली एक गाडी त्यांचीच.

“चर्च जळालं तेव्हा मी तुमच्या वर्गात होतो,” रूफस म्हणाला. “त्यानंतर नवं बांधलं ते उताराच्या खाली. पण इथलं एक माणूस ऐकेल तर शपथ. सगळे अजून चर्चपाशीच डावीकडे वळतात.”

बाईंनी कपाळाला हात लावला. गावात वाढलेला प्रेस्टनही तसाच वळला होता, आणि आज दुपारी त्या स्वतः नसलेल्या चर्चसमोर गाडी लावून बसल्या होत्या. पोरगी मात्र असलेल्या चर्चसमोर गारठत उभी होती आणि वर त्यांचं आंबट तोंड बघून गेली होती. बाई प्रार्थनेला जायच्या त्या शेजारच्या गावी. खालच्या नव्या चर्चशी त्यांचा संबंध कधी आलाच नव्हता.

“खालच्या चर्चपाशी डावीकडे वळलं,” त्यांनी विचारलं, “तर पहिलं दार कोणाचं?”

उत्तर थेल्मानं दिलं. “हेस्टर एल्ड्रिजचं. दुसरं कोणाचं असणार?”

“ती तर हिवाळ्यात मुलीकडे असते. फ्लोरिडाला.”

“यंदा गेलीच नाही. म्हणाली, उन्हात बसून बसून मनुका झाली माझी.”

बाईंच्या डोळ्यांपुढे एक निळा स्कर्ट आला, आणि त्याला चिकटलेले करड्या लोकरीचे तंतू.

५

त्यांनी दार ठोठावलं नाही. आत लाकडाची शेगडी होती, टेबल होतं, आणि टेबलाशी, नव्वदी ओलांडलेली, ताठ बसलेली हेस्टर एल्ड्रिज हिरवं काहीतरी विणत होती.

“आलीस का पोरी?” ती म्हणाली. “मला वाटलं होतं तू कालच येशील. भूमिती शिकवायचीस ना तू?”

“हेस्टर, तुम्ही शनिवारी थॉर्नबीची मुलाखत घेतलीत?”

“मी कुठं घेतली? तीच द्यायला आली.” हेस्टरनं बिस्किटांची थाळी पुढे सरकवली. “दार उघडलं आणि एक पोर म्हणते, थॉर्नबीच्या मुलाखतीला आलेय. चाळीस वर्षं या दारात हेच ऐकत आले गं मी. सांगणारच होते, बाळ, घर चुकलीस, साहेब जाऊन बारा वर्षं झाली. पण तिचे मोजे चिंब, हात गारठलेले. आणि माझ्याकडे लोकरीची लड सोडवायची होती. म्हटलं प्रेस्टन शोधत येईलच. थॉर्नबीचं पोर हरवलं तर दुसरीकडे कुठं जाणार?”

“तुम्ही तिच्या हातांवर लड अडकवलीत.”

“तुझ्याही अडकवली होती.”

बाई खुर्चीवर बसल्या. आता त्यांना सगळं आठवलं. दोन्ही हात पुढे धरलेले, त्यांवर करडी लोकर, समोर हेस्टर भराभर गुंडा करतेय आणि मध्येच काहीबाही विचारतेय. हात असे बांधलेले असले की नखं कुरतडता येत नाहीत, केस सारखे करता येत नाहीत. मग माणूस नुसतं खरं बोलतं.

“मी समजत होते, आम्ही साहेबांची वाट बघतोय,” त्या म्हणाल्या.

“साहेबही तसंच समजायचे पहिली काही वर्षं.” हेस्टर मिश्कील हसली. “ते आत ग्रंथ आणि गुण विचारायचे. पोरं गेली की या दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, हेस्टर, तुला काय वाटतं? कोणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं. मी त्या कॉलेजची पायरीसुद्धा चढले नाही ना.”

 सगळा जन्म त्यांना वाटत आलं होतं की साहेबांपुढे पाठ म्हटलेल्या लॅटिन ओळींनी त्यांना थॉर्नबीत नेलं.

“माझ्याबद्दल काय म्हणालात?”

“लोकर गुंतली होती. माझ्याआधी तुला दिसली. बोलली नाहीस, नुसता अंगठा हलवून मोकळी केलीस. मी म्हटलं, घ्या हिला.”

शेगडीत एक लाकूड ढासळलं. बाईंनी डोळे पुसले, एक बिस्किट घेतलं, आणि त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली.

“हेस्टर, फोन कुठाय तुमचा? तुमची मुलाखत कॉलेज धरणार नाही. पण घरात तिसरं माणूस असेल तर घरी मुलाखत घ्यायची मुभा आहे, आणि दिवस अजून मावळलेला नाही.”

६

प्रेस्टन आला तो आधी वरच्या चर्चला वळून, सवयीनं, आणि मग जीभ चावून खाली. डेल्फिन वडिलांच्या बसमधून उतरली. प्रेस्टननं टोपी काढली.

“मिस विलेट, मी तुम्हाला जळलेल्या चर्चचा पत्ता दिला,” तो म्हणाला. “आणि वर तुम्हालाच खोटं ठरवलं. मला माफ करा.”

“आमच्याकडेही असंच आहे, सर,” डेल्फिन म्हणाली. “आम्ही ज्या गिरणीपाशी वळतो ती माझ्या आजोबांनीसुद्धा बघितलेली नाही.”

दोघं दिवाणखान्यात गेले. दार उघडं ठेवलं होतं. स्वयंपाकघरात बाईंनी हात पुढे केले आणि हेस्टरनं त्यांच्यावर नवी लड चढवली. आतून प्रेस्टनचे छापील प्रश्न ऐकू येत होते, डेल्फिनची जपून दिलेली उत्तरं ऐकू येत होती. मग बटाट्यांचा विषय निघाला आणि प्रेस्टन मोठ्यानं हसला. त्यानंतरचं बोलणं बरंच मोकळं झालं.

तासाची घंटा झाली. कप थरथरले.

डेल्फिन कोट घालून बाहेर बसपाशी गेली. प्रेस्टन अहवाल लिहायला बसणार होता. पण तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. बाई काय, हेस्टर काय, दोघींनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

“मिसेस एल्ड्रिज,” तो टोपी फिरवत म्हणाला, “मला तर ती फार आवडली. पण... तुम्हाला काय वाटतं?”

हेस्टरचे हात थांबले. क्षणभर ती दारातल्या त्या माणसाकडे बघत राहिली, आणि तिचा सुरकुतलेला चेहरा असा उजळला की बाईंनी नजर दुसरीकडे वळवली.

“प्रेस्टन हॅस्केल,” ती म्हणाली, “तू माझी लोकर अशी गुंतवली होतीस की कात्री लावावी लागली. तरी मी साहेबांना म्हटलं, घ्या याला. का, माहितेय? मी विचारायच्या आत म्हणालास, मीच गुंतवली.”

प्रेस्टन कानांपर्यंत लाल झाला. “ती मुलाखत होती?”

“मोज्यांची टोपली घे तिथली. त्यात हिरवा गुंडा आहे, शनिवारचा. तिनं धरलेल्या लडीचा. गाठ शोधून दाखव.”

प्रेस्टननं तो गुंडा खिडकीच्या उजेडात धरला, फिरवून फिरवून बघितला. गाठ कुठंच सापडेना. शेवटी हळूच टेबलावर ठेवला आणि अहवाल लिहायला बसला. पहिल्या ओळीत त्यानं लिहिलं, ‘उमेदवार वेळेवर आली होती. चुकलो मी.’ पुढचं त्यानं बराच वेळ लिहिलं.

आठवड्याभरात हेस्टरला एक कार्ड आलं, नाव नीट लिहिलेलं. ते तिनं शेगडीवरच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असं टेकून ठेवलं. वसंतात थॉर्नबीचं उत्तर आलं, तेव्हा डेल्फिन ते घेऊन पळत सुटली ती चर्चपाशी डावीकडे वळून पहिल्या दारात, न ठोठावता आत. हेस्टर दुसऱ्या हिरव्या हातमोज्याच्या अंगठ्यापर्यंत आली होती.

“ओरडू नकोस,” ती म्हणाली. “माझे टाके चुकतील. मला त्या शनिवारीच माहीत होतं.”